दारातला पडदा

९ जाने. १९३३, सोम.

आज माझा टीकापाठ. म्हणजे मी चौथीच्या मुलींना शिकवायचं आणि ट्रेनिंगच्या बाकीच्या बायांनी मागे बसून माझ्या चुका वहीत टिपायच्या. विषय आगबोट. आमच्या मुख्याध्यापिका प्रधानबाईंचा हुकूम, पाठ जादूच्या कंदिलावरच घ्यायचा.

कंदिलाच्या पेटीत चित्राची काच उलटी घातली. पडद्यावर धुराडं खाली, समुद्र डोक्यावर. मी पडद्याकडे पाठ करून मोठ्या ऐटीत, "बघा मुलींनो, कशी डौलात चालली आहे!" मुली हसून हसून एकमेकींच्या अंगावर. मागच्या बायांनी तोंडाला पदर लावलेले. कमल कुलकर्णीने दोन पानं भरली. वर येऊन म्हणते, "गोदाबाई, मनाला लावून घेऊ नका हं." घेणार नाही तर काय करणार!

मेली ती पेटी. तिच्या दिव्यातल्या कार्बाइडचा वास अजून नाकात आहे. मला खडू द्या, फळा द्या, मग बघा. मुलीला समजलं की नाही ते तिच्या डोळ्यांत दिसतं. अंधारात काय दिसणार, डोंबल!

प्र.बाई रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, मार्चात इन्स्पेक्टरसाहेब कंदिलाचा पाठ बघायला येतील, तो तूच घ्यायचास. मीच का? "कारण तूच सगळ्यांत जास्त भितेस." पाठ उत्तम झाला तर दिंडोरीची मुलींची शाळा. राहायला खोली. आणि नाही झाला तर...

१४ जाने., शनि.

संक्रांतीला घरी. दादा शेवंतीला पाणी देत होता. बांधावरूनच म्हणाला, "इंचूरकर आठवन काढत व्हते तुझी." विंचूरचा कांद्याचा व्यापारी, बिजवर. चार पोरं आहेत, मोठी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी चौदाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आले, तेव्हापासून दादाने मला एक वाकडा शब्द बोललेला नाही. म्हणून तर त्याच्याशी भांडता येत नाही.

"गोदे, पह्यल्या वर्गात आलीस, नोकरी लागली, तर मी तोंड उघडनार नाय. नाय तर चैतात पाट लावून टाकू. मी काय जल्मभर पुरनार हाय का?"

वहिनी तिळगूळ देताना, "घ्या, आन् हो म्हना एकदाचं."

हसले. काय करू मग?

२४ जाने., मंगळ.

रोज मधल्या सुट्टीत त्या पेटीशी झटते आहे. आता डोळे मिटून काच बरोबर घालते. खिडक्यांना कांबळी, दार घट्ट बंद. एकच दार आहे ते बरं, उजेड आत येत नाही.

आज समुद्राची लाट दाखवली. पहिल्या रांगेतल्या मुलींनी पटकन पाय वर घेतले! खरंच, भिजतील म्हणून! एकीने तर परकर आवरून धरला. माझ्या अंगावर काटा आला. फळ्यावर मी शंभर वेळा समुद्र लिहिला असता तरी कुणी पाय वर घेतला नसता. गोदावरीच्या पुराखेरीज ह्यांनी मोठं पाणी पाहिलंय कुठे?

९ तारखेला पेटीला जे काही बोलले ते मागे घेते. पेटी चांगली. मीच गाढव.

२ फेब्रु., गुरु.

लिहायची लाज वाटते.

आज पाठ संपवून दार उघडलं तर पडवीत त्या तिघी. सखू आणि तिच्या दोन चुलत बहिणी. अस्पृश्य म्हणून त्यांना उंबऱ्याबाहेर बसवतात, पहिल्यापासूनच. दार उघडं असलं की तिथून फळा दिसतो, ऐकूही येतं, त्यामुळे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. बंद दाराकडे तोंड करून पाट्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पाट्या कोऱ्या.

सखूने विचारलं, "बाई, उद्या बी दार लावनार का?"

दहा दिवस मी रोज दार लावते आहे. दहा दिवस हजेरीत त्यांच्या नावापुढे 'हजर' लिहिते आहे. दहा दिवस!

८ फेब्रु., बुध.

प्र.बाईंना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. सरकारी नियमाप्रमाणे सगळ्या मुली एकत्रच बसायला हव्यात, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आत बसवल्या होत्या. आठवड्यात निम्मी शाळा घरी. त्यातल्या कितीतरी मुली परत आल्याच नाहीत, लग्नं लावून दिली. "त्या मुलींचं पाप कुणाच्या माथी, सांग." अस्पृश्यांना देवळाचं दार उघडावं ह्या सत्याग्रहावरून गावात डोकी आधीच तापलेली. "आणि इन्स्पेक्टर येतील त्या दिवशी?" म्हटलं. "त्या दिवशी तिघींना सुट्टी देऊ."

वाईट बाई नाहीत हो त्या. ह्या शाळेसाठी त्यांनी लोकांचे शेण-दगड झेललेत. 

बोर्डिंगात माझाही तांब्या वेगळाच आहे. माळ्याची म्हणून. तिथे मी कधी तोंड उघडलं?

१४ फेब्रु., मंगळ.

अगं बाई, काय झालं आज!

पडद्यावर काजळी बसली होती म्हणून सकाळी धुतला. तासापर्यंत वाळेना. वारा लागावा म्हणून दाराच्या चौकटीलाच बांधला आणि म्हटलं, चला, इथेच दाखवू. ओला तर ओला. मुलींची तोंडं दाराकडे फिरवली, कंदील लावला. तोच बाहेरून किंकाळी, "बाई! जहाज! आमाला बी दिसतंय!"

धावले. बाहेर जायला वाट नाही, पडदा उचलून खालून वाकून गेले. ओल्या कापडातून चित्र पलीकडे उतरलेलं! पडवीत उजेड फार, त्यामुळे फिकट, पण आगबोट, धूर, सगळं. तिघी तोंडं उघडी टाकून उभ्या. सखूने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

किती वर्षांनी इतकी हसले. जेवण जाईना.

१७ फेब्रु., शुक्र.

दादाकडून फुलांवर टाकायचं गोणपाट आणवलं आणि पडवीच्या उघड्या बाजूला बांधलं. अंधार झाला. रहीमचाचा सुतार चौकटीला वरून हुकांवर अडकवायची, खालून उचलता येईल अशी पडद्याची फ्रेम करून गेले. "बाई, हे तर नाटकाचं थेटर झालं," म्हणाले.

एक भानगड आहे. मागून चित्र उलटं दिसतं. हिंदुस्थानचा नकाशा दाखवून विचारलं, मुंबई कुठे? आतल्या मुलींचे हात डावीकडे, पडवीतून सखू ओरडते, "उजवीकडं!" मग काच फिरवून घातली. लगेच आतल्या ओरडल्या, "बाई, आमची उलटी झाली!" एका वेळी एकाच बाजूला सुलट. म्हणून दोनदा दाखवते, आधी आतल्यांना, मग बाहेरच्यांना. तास पुरत नाही.

प्र.बाई बाहेर जाऊन बघून आल्या. माझ्या पाठीवर हात ठेवला. आजवर कधी ठेवला नव्हता.

२१ फेब्रु., मंगळ.

कमलने सुपारी कातरता कातरता सहज म्हटलं, "छान केलंत हो गोदाबाई. आता त्यांना आत घ्यायचा प्रश्नच मिटला."

मनापासून म्हणाली. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

 खरंच मिटला की! आजवर दाराबाहेर बसवताना निदान प्र.बाईंना चष्मा पुसावा लागत होता. आता गोणपाट आहे, अंधार आहे, चित्र आहे. मी त्यांना आत घेतलं नाही. बाहेर बसायची चांगली सोय करून दिली. आणि दारात पडदा लावला, तो वेगळाच. पूर्वी उंबऱ्यातून त्यांचा चेहरा तरी दिसायचा.

पेटी वाईट म्हणत होते, मग चांगली म्हणाले. बिचारी पेटी! तिला काय, जिथे कापड धराल तिथे चित्र पाडते. कापड कुठे धरायचं ते मी ठरवलं.

२७ फेब्रु., सोम.

हिंमत करून प्र.बाईंना म्हटलं, इन्स्पेक्टरांच्या दिवशी पडदा भिंतीवर लावते आणि तिघींना आत बसवते. नियमच आहे.

"बसव. दुसऱ्या दिवशी शाळेत कोण असेल? तू, मी आणि त्या तिघी." मग हळू आवाजात, "आणि तूही नसशील. तुला पास कोण करणार? विंचूरला जायचंय का?"

त्यांना विंचूरचं कुणी सांगितलं? दादा भेटून गेला असणार.

तिघींना सुट्टी मात्र द्यायची नाही असं ठरलं. उलट, ही युक्ती साहेबांना दाखवायचीच. प्र.बाई म्हणाल्या, ह्याच्यावर तुझा पहिला वर्ग नक्की.

मान डोलावली. मी. ह्याच मानेने.

६ मार्च, सोम.

पाठ झाला. एक चूक नाही. काचा पटापट, आवाज खणखणीत, मुली एकजात हुशार. माझंच मला कौतुक वाटत होतं. तेच खुपतंय.

साहेब पडद्याखालून वाकून पडवीत गेले. सखूला विचारलं, गोदावरी कुठे उगम पावते? तिने पाटीवर लिहिलं. पाटी पुढे केली. साहेब म्हणाले, "ठेव खाली." तिने जमिनीवर ठेवली, मागे सरली, मग त्यांनी वाकून वाचलं. "शाबास! अक्षर सुरेख आहे." नियमाबद्दल चकार शब्द नाही. मी पडदा वर धरून उभी, हात भरून आला होता.

जाताना प्र.बाईंना म्हणाले, "फार सोयीचं. कुणाची तक्रार नाही आणि कुणाचं नुकसान नाही. सगळ्या शाळांतून करायला हवं."

सखू खुशीत उड्या मारत गेली. तिला शाबासकी मिळाली ना.

१५ मार्च, बुध.

पहिला वर्ग. दिंडोरीचा हुकूम हातात. कंदील सोबत मिळणार. तिथेही पाच मुली ओसरीवर बसतात, तशी नोंदच आहे कागदात. प्र.बाईंनी सांगितलं, पुढच्या तुकडीसाठी तुझी रीत तुझ्या हाताने लिहून दे. लिहायला बसले. 'प्रथम कापड ओले करून दाराच्या चौकटीत ताणून बांधावे.' पुढे हात चालेना. संध्याकाळपर्यंत तेवढीच ओळ. प्र.बाई दोनदा डोकावून गेल्या. शेवटी लिहून दिली. पूर्ण.

दादा पेढे घेऊन आला. सगळ्यांसमोर डोळे पुसले त्याने. मग बाजूला घेऊन, "इंचूरकरांना थांबा म्हनलंय. शाळा टिकली तर झ्याक. नाय टिकली तर ते हायेतच."

शाळा टिकली तर. बरोबर आहे त्याचं. नव्या गावात, एकट्या बाईची शाळा, पहिल्याच आठवड्यात मुली घरी बसल्या तर टिकायची कशी?

१८ मार्च, शनि.

निघायची बांधाबांध. सखूची आई आली होती, लांब उभी राहिली. "बाई, तुमी लय केलंत पोरींसाठी. आता पोरी म्हनत्यात, आमाला आत नको, आमचं बाहेरच बेस हाय." आणि हात जोडले.

  ती गेल्यावर ट्रंकेवर बसून राहिले. रडूही येईना मेलं.

चहाच्या वेळी रहीमचाचा आले. मी सोमवारी जाणार, ते उद्याच दिंडोरीला निघालेत, खोलीला कड्या-कोयंडे आणि शाळेत पडद्याचे हूक बसवायला. पेन्सिल कानाला. "बाई, हूक कुठं मारू? चौकटीला की आतल्या भिंतीला? एकदा लाकूड भोसकलं की भोसकलं."

चौकटीला म्हटलं तर त्या पाचजणी कायमच्या बाहेर, आणि मी त्या खोलीत सुखाने. भिंतीला म्हटलं तर दार लावावं लागणार, आणि त्यांना आत घेतल्याशिवाय मला ते लावता येणार नाही. मग शाळा किती दिवस? आणि मी?

म्हटलं, "चाचा, विचार करून सांगते."

"ह्यात इचार काय करायचा? पडदाच तर लावायचाय." हत्यारांची पिशवी खांद्याला मारली. "माझी मोटार सकाळी सातला सुटते. त्याआधी सांगा."