चौकातल्या बोर्डावरची चटणी

तीर्थरूप आक्का,

धाकट्या बाळासोचा पायावर डोकं ठेवून नमस्कार (दुखऱ्या गुडघ्याला धक्का लागणार नाही अशा बेतानं). तुझी तब्येत बरी असेल, दाजींचा खोकला कमी असेल आणि दाजींनी खोकल्याचं औषध स्वतःच्या मनानं घेणं बंद केलं असेल, असं धरून चालतो. म्हैस आटल्याचं कळलं, वाईट वाटलं. मी खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण तू फोन स्पीकरवर टाकून परसात ठेवतेस आणि भांडी घासत बोलतेस. मागच्या खेपेला गारगोटीच्या बाजारात एका अनोळखी माणसानं थांबवून माझ्या मूळव्याधीची चौकशी केली. शिवाय सध्या आमच्या घरात मी फोनवर काय बोलतो याकडे फार बारीक कान असतो. तेव्हा कागदच बरा. वाचताना तेवढं मोठ्यानं वाचू नकोस.

झालं असं, की या महिन्यात मला साठ पूर्ण झाली. आमच्या गल्लीच्या तालीम मंडळाचा सेक्रेटरी कृष्णात (तोच, तुझ्याकडे जेवायला येऊन सगळा पांढरा रस्सा एकट्यानं संपवून गेलेला) घरी आला आणि म्हणाला, "काका, तुमी आपल्या पेठंचं सेलिब्रिटी हाय. पेपरात नटनट्यांना इचारत्यात तसलं प्रश्न पाठवतो, गंमत म्हणून उत्तरं लिवा की." आता मला सांग, ज्या माणसाला पतसंस्थेच्या खुर्चीत जन्मभर लोकांनी एकच प्रश्न विचारला, "सायेब, कर्जाचं काय झालं?", त्याला अचानक कुणी "तुमच्या फिटनेसचं रहस्य काय?" असं विचारलं, तर तो बहकणार नाही काय? मी बहकलो. दुपारचं जेवून आडवं व्हायचं सोडून चष्मा लावून बसलो आणि अंगठ्यानं टकटक करत उत्तरं लिहीत राहिलो. ही स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली. तिला वाटलं मी मृत्युपत्र करतोय, म्हणून चहासुद्धा न मागता मिळाला.

प्रश्न एकेक असे होते, की आपण इतकी वर्षं जगलो ते कुणी न विचारता जगलो याचं वाईट वाटावं. स्वतःचं वर्णन तीन शब्दांत करा. मी लिहिलं, शांत, मनमिळाऊ. तिसरा शब्द काही सुचेना म्हणून 'उंच' लिहून टाकलं (तू हसशील, पण लिहिताना मी बसलेलो होतो आणि बसल्यावर मी बराच उंच वाटतो). बॅगेत नेहमी काय असतं? बाजाराची पिशवी, आणि तिच्या आत आणखी एक पिशवी. फॅशनचा आदर्श कोण? सेलमध्ये शेवटी जो शर्ट उरतो तो. फिटनेसचं रहस्य? रोज सकाळी रंकाळ्याला चालायला जातो असं घरी सांगतो आणि बाकड्यावर बसतो. पहिलं प्रेम ही जागा मी अनुभवी माणसाच्या शहाणपणानं रिकामी सोडली. कृष्णातनं तिथं परस्पर 'नो कॉमेंट्स' घातलं आणि हिनं ते रिकाम्या जागेपेक्षा फारच मनावर घेतलं. पण खरं संकट ते नव्हे.

खरं संकट दोन उत्तरांनी आणलं. एका ठिकाणी विचारलं होतं, कोणती चव आयुष्यभर पुरेल? आक्का, तिथं माझा हात आपोआप चालला. मी लिहिलं, "गरम भाकरी, दही आणि गारगोटीच्या आक्काची चटणी. ती जिभेवर ठेवली की माणूस लहान होतो." हे मी मनापासून लिहिलं आणि आजही मागं घेत नाही. एवढे गुडघे दुखत असताना तू दरसाल माझ्यापुरती वेगळी बरणी भरतेस आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात 'बाळासोस' अशी चिठ्ठी डकवतेस, हे मी विसरणाऱ्यातला नाही. (ही आजऱ्याला माहेरी गेली, की येताना वाट वाकडी करून तुझ्याकडून ती बरणी मांडीवर घेऊन येते, एवढं मात्र तिचं मानलं पाहिजे.) तिथं थांबलो असतो तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण पुढचा प्रश्न होता, आयुष्यातली सर्वांत मोठी तडजोड? माणसाला एकदा मोठेपण दिलं की तो खरं बोलायला लागतो. मी लिहिलं, "दिवाळीला आक्काची बरणी संपते. मग उन्हाळ्यापर्यंत घरचीच चटणी चालवून घेतो."

मला वाटलं, मंडळाच्या ग्रुपवर चार पोरं हसतील आणि विषय संपेल. पण कोल्हापुरात वाढदिवस असा मोबाईलवर संपत नाही, त्याला डिजिटल बोर्ड लागतो. मंडळानं मोठा बोर्ड सांगून ठेवलेला. वर माझा काळा गॉगल घातलेला फोटो (गॉगल माझा नाही, मानसुद्धा माझी वाटत नाही), खाली शुभेच्छुकांचे फोटो. पण सुट्टीमुळं निम्मे शुभेच्छुक गावाला गेलेले, त्यांचे फोटो मिळेनात आणि बोर्डाची अर्धी जागा मोकळी राहायला लागली. कृष्णातनं डोकं चालवून तिथं माझी सगळी उत्तरं छापली. वर मथळा, 'दिलखुलास बाळासो काका'. आणि तो बोर्ड बांधला कुठं, तर चौकात, चटणी कांडायच्या डंकासमोर. मे महिन्यात पेठेतल्या झाडून सगळ्या बायका भाजलेल्या मिरच्यांचे डबे, पोती घेऊन त्या डंकावर रांगेत बसतात, हे मी तुला सांगायला नको. वर्षाची चटणी होते ती तिथं, आणि कुणाच्या हाताला चव आहे आणि कुणाच्या नाही याचा निकाल लागतो तोही तिथंच. त्या रांगेत आमच्या हिचा मान फार मोठा. लग्नकार्य निघालं की लोक हिच्याकडे मिरचीचा अंदाज विचारायला येतात.

त्या दिवशी ही आपली मिरची घेऊन रांगेत बसलेली. समोर बोर्ड. बायकांचा वेळ जात नव्हता म्हणून एकीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. 'उंच'पर्यंत हीसुद्धा हसत होती म्हणे. तडजोडीचं उत्तर आलं तेव्हा डंक चालू असूनसुद्धा शांतता पसरली, असं मला नंतर चहावाल्या भरमाप्पानं सांगितलं. शेजारच्या शांतव्वा, ज्यांच्या चटणीत मिठाशिवाय काही लागत नाही, त्या हिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "असू दे गं, पुरुषांस्नी कशातलं काय कळतंय?" हा हात हिला सगळ्यात जास्त लागला. ही उठली, मिरच्या तशाच पोत्यात भरून घरी आली, पोतं दारामागं टेकवलं आणि म्हणाली, "आता जावा की गारगोटीला. तितंच जेवा. ह्या वर्षी मी चटणी करणार न्हाई."

मला वाटलं, राग आहे, संध्याकाळपर्यंत उतरेल. पण तेव्हापासून घरात पिवळं वरण, दुधी आणि मऊ भात चालू आहे. विचारलं तर म्हणते, "साठी झाली, तब्येतीला चांगलं." बोलणं गरजेपुरतं. तेही माझ्याकडे न बघता, गॅसकडे बघून. मी गुपचूप दुकानातून चटणीचं पाकीट आणलं आणि गाडीच्या डिकीत लपवलं. घरात बाईमाणूस धडधाकट असताना कोल्हापूरच्या माणसानं पाकिटाची चटणी विकत घ्यायची, याच्याइतकी शरमेची गोष्ट नाही. दुकानदारानंसुद्धा मला ते रद्दीत गुंडाळून दिलं. चव म्हणशील तर लाल रंगाची. मग ठरवलं, आधी तो बोर्ड उतरवायचा. पहाटे शिडी घेऊन गेलो, एक दोरी सोडली, तेवढ्यात फिरायला निघालेली मंडळी आली. त्यांना वाटलं, वाऱ्यानं सुटलेला आपला बोर्ड मी स्वतःच पक्का बांधतोय. "काका, हौस हाय बगा तुमाला!" म्हणत त्यांनीच दोरी परत आवळली, मला शिडीवर उभं करून बोर्डासकट फोटो काढले आणि ते ग्रुपवर टाकले. नाश्त्याच्या वेळी हिनं तो फोटो बघितला आणि माझ्यापुढं उपमा ठेवला. आक्का, उपम्यात मिरची नव्हती.

आता थट्टा बाजूला. दारामागचं ते पोतं बघितलं की मी खिडकीतून आभाळ बघून येतो. पाऊस तोंडावर आलाय. आता चटणी झाली नाही तर वर्षभर होणार नाही, आणि फिक्या जेवणाचं मी सोसेन, पण हे गॅसकडे बघून बोलणं मला वर्षभर सोसायचं नाही. या घरात ही बोलायची थांबली की घर पतसंस्थेसारखं वाटतं.

दाजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा. चुकलं-माकलं पोटात घाल.

तुझा,
बाळासो

ता. क. पत्राचं खरं काम राहिलंच. तू एक दिवस इकडे ये आणि हिच्यादेखत, शक्य तर शांतव्वांच्याही देखत, हिच्या डब्याच्या तळाशी उरलेली जुनी चटणी चाखून म्हण, "संयोगिता, तुझ्या चटणीपुढं माझी काय?" एवढं म्हटलंस की ही विरघळेल. खोटं बोलायला सांगतोय, पण भावासाठी एवढं कर.

ता. क. २. येताना नेहमीची बरणी मात्र विसरू नकोस. जमलं तर दोन. हिला कळणार नाही अशी, पिशवीच्या तळाशी.

ता. क. ३. पाकिटं आणि डिंक हिच्या कपाटात आहेत, म्हणून चिकटवून टाकायला पत्र तिच्याकडेच देतोय. काळजी करू नकोस. ती दुसऱ्याचं वाचणाऱ्यातली नाही, आणि माझं तर सध्या काहीच वाचायला तयार नाही.

वन्सं, संयोगिताचा नमस्कार. डिंक वाळायच्या आत लिहिते. वाचलं सगळं. तुमचे गुडघे बसल्यापासून तुमची बरणी कोण भरतंय हे तुम्हाला माहीत आणि मला माहीत. एकाच दिवशी, एकाच डंकावर, एकाच मिरचीची चटणी मी दोन बरण्यांत भरते. तुमच्या चिठ्ठीच्या बरणीतली खाऊन हे लहान होतात आणि दुसरीतली खाऊन तडजोड करतात. राग आला, खोटं कशाला बोलू? शांतव्वांचा हात अजून पाठीवर जाणवतोय. पण एवढ्या मोठ्या अक्षरात माझ्या चटणीचं कौतुक चौकात कुणी लावलं नव्हतं. भाजी आणायच्या निमित्तानं मी ते दोनदा उभी राहून वाचून आले. चटणी कधीच झाली आहे, हे बाकड्यावर बसले होते त्या सकाळी दुसऱ्या डंकावरून कांडून आणली. दारामागच्या पोत्यात जुन्या गोधड्या आहेत. आणखी चार दिवस दुधी घालते, मग बोलेन. तुम्ही गुडघे घेऊन एवढ्या लांब येऊ नका. फक्त 'बाळासोस' अशी तुमच्या अक्षरातली नवी चिठ्ठी तेवढी टपालानं पाठवा, जुनीला तेल लागून ती पुसट झालीय. दोन पाठवा. या वर्षी दोन्ही बरण्यांवर लावते.