बाहेरच्यांच्या यादीत पहिली

३ मे

ती. बाबा,

नमस्कार. तुम्ही बरे असाल. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण शिवणाच्या दुकानात तिला उभं राहायचीच हौस. बसायला आणलेलं स्टूल तिनं गिऱ्हाइकांच्या पिशव्यांना देऊन टाकलंय. माझी परीक्षा संपली. पेपर चांगले गेले.

अकरा वर्षांत माझं हे पहिलं पत्र, म्हणजे काहीतरी काम असणार हे तुम्ही ओळखलंच असेल. उगाच आढेवेढे घेत नाही.

आमच्या कॉलेजातली यंत्र शाखा बंद होतेय. आम्ही सातच जण उरलो, म्हणून तिसरं वर्ष उघडणारच नाहीत. वीस मेपर्यंत एक तर व्यवस्थापन शाखेचा अर्ज भरायचा, नाहीतर दुसरीकडे बदली मिळवायची. मला यंत्रंच शिकायची आहेत. थेट तिसऱ्या वर्षाला घेणारं विद्यापीठ एकच सापडलं, ते नेमकं तुमच्या गावात. तुमच्यासाठी निवडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

परराज्यातल्यांना तिथे सहाच जागा. त्या यादीत मी प्रतीक्षेत आहे, चौथी. सकाळी उठले की आधी यादी उघडते, मग तोंड धुते. आई म्हणते, "अगं, तू टक लावून बघितल्यानं ती पळायला लागणार आहे का?" कळतं मला. तरी बघते.

तिथे एक नियम आहे. आई किंवा वडील त्या राज्यात पाच वर्षांहून जास्त राहत असतील, तर अर्ज स्थानिकांच्या यादीत जातो, आणि त्यांच्या जागा अजून भरलेल्या नाहीत. म्हणून तुमचा रहिवासाचा दाखला हवा आहे. तो माझ्याकडे पाठवा. विद्यापीठाच्या कचेरीत स्वतः जाऊ नका. तिथे फार रांग असते, तुमचा दिवस मोडेल. शिवाय सगळे कागद माझ्याकडूनच गेलेले बरे. खरंच जाऊ नका.

लिफ्टच्या कामात जपून असा. दाखला लवकर पाठवावा, ही विनंती.

१४ मे

ती. बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र काल मिळालं. आईचा गुडघा आता बरा आहे. इथे उकाडा फार वाढलाय.

हे सगळं मी का लिहितेय कोण जाणे. तुमचं पत्र समोरच पडलंय. "कचेरीत जाऊन आलो. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, मुलीच्या कागदांवर वडील वारले असं आहे. दाखला तिथेच ठेवून घेतला. आता काय करायचं ते कळव." बस, एवढंच.

पाच-सहा वेळा वाचलं. त्यात राग शोधत होते. राग असता तर बरं पडलं असतं, भांडता तरी आलं असतं. तुम्ही कामाच्या कपड्यांवरच गेला असाल, खांद्याला हत्यारांची पिशवी. तासभर रांगेत उभे राहिलात आणि आपल्याच मरणाची बातमी ऐकून परत आलात. जाऊ नका म्हटलं होतं ना! पण तुम्ही कधी कुणाचं ऐकलंय?

ते मीच लिहिलं होतं. अठराव्या वर्षी, पहिल्या प्रवेशाच्या वेळी. अर्जावर आईवडील दोघांच्या सह्या हव्या होत्या. त्याच आठवड्यात तुमचं पत्र आलं होतं, की यंदाही येणं जमत नाही, तिकडच्या घरी बाळ यायचंय. मी ते फाडलं आणि वडिलांच्या नावापुढे 'हयात नाहीत' असं चांगल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं. कॉलेजच्या कारकूनबाईंनी मृत्यूचा दाखला मागितला. मी म्हटलं, नंतर आणते. माझा चेहरा बघून त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. उलट दोन वर्षं, दिसले की विचारायच्या, "जेवलीस का गं?" ती माया मी खोटं बोलून मिळवली.

वडील वारले म्हटलं की लोक गप्प होतात. दुसरीकडे राहतात म्हटलं की आणखी चार प्रश्न येतात, आणि त्यांची उत्तरं मला ठाऊक नव्हती. अजूनही नाहीत.

बदलीच्या वेळी जुन्या कॉलेजातली सगळी नोंद मोहोरबंद पाकिटातून परस्पर जाते, विद्यार्थ्याच्या हाती काही देत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. तुमचा दाखला हातात आला की इथल्या कचेरीत गुपचूप दुरुस्ती करून घ्यायची, असा माझा बेत होता. तुम्ही माझ्या आधी पोचलात.

परवा विद्यापीठाचं पत्र आलं. दाखला घेऊन आलेले गृहस्थ माझे वडील नाहीत असं मी लिहून दिलं, तर प्रकरण तिथेच मिटेल आणि बाहेरच्यांच्या यादीतलं माझं नाव कायम राहील. त्या यादीत मी आता पहिली आहे, बाबा. चौथीची पहिली झाले. प्रवेश मिळालेल्यांपैकी एकानं जरी जागा सोडली तरी ती माझी. नाहीतर जुनी नोंद खोटी होती असं शपथेवर सांगायचं. मग अर्ज दोन्ही याद्यांतून निघून चौकशी समितीपुढे जाईल. समिती बसते जुलैअखेर, तोवर यंदाचे प्रवेश संपलेले असतील.

आता खरं सांगते. त्या दोनांपैकी पहिलं, नातं नाकारणारं पत्र मी लिहिलं होतं. 'सदर गृहस्थांशी माझे कोणतेही नाते नाही.' एकच वाक्य, अर्ध्या मिनिटाचं काम. ते एकटीनं पाठवायची माझी छाती होईना, म्हणून आईला वाचून दाखवलं. मी अर्जावर काय लिहून ठेवलं होतं, हे तिलाही तेव्हाच कळलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तिनं मशीन थांबवलं आणि म्हणाली, "माझं त्याच्याशी पटलं नाही, ते आमचं आम्ही बघितलं. पण मीसुद्धा त्याला कधी मारून टाकलं नाही गं." आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

आणखी एक आहे, तेही सांगून टाकते. यंत्रांची गोडी कशी लागली, यावर विद्यापीठानं दोन पानं लिहून मागितली होती. मी सात वर्षांची असताना तुम्ही मला लिफ्टच्या वरच्या खोलीत नेलं होतं, ते लिहिलं. मोठं चाक आपोआप फिरायला लागलं तेव्हा मी घाबरले, आणि तुम्ही म्हणालात, "खाली कुणीतरी बटण दाबलंय, त्याला घरी जायचंय." सगळं जसंच्या तसं लिहिलं. फक्त त्या दोन पानांत तुम्ही 'आमच्या ओळखीचे एक कारागीर' आहात. मला त्याची लाज वाटते.

आज कॉलेजात जाऊन कारकूनबाईंना सगळं सांगितलं. "मी तुझ्यासाठी किती हळहळले होते गं," एवढंच म्हणाल्या आणि फाइल काढायला वळल्या. आता कदाचित मला जेवलीस का म्हणून विचारणार नाहीत. त्यांनी करून दिलेलं प्रतिज्ञापत्र सोबत आहे.

याचा अर्थ मी तुम्हाला माफ केलं, असा काढू नका. ते मला जमलेलं नाही. जागा जाणार याचं फार वाईट वाटतंय. सकाळी यादी उघडली, नाव अजून पहिलंच होतं, आणि मी ढसाढसा रडले. व्यवस्थापनाला मात्र जाणार नाही. वर्षभर आईच्या दुकानात बटणं लावीन आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन. ती जागा घेतली असती, तर राहायचं तुमच्याच गावात होतं. एखाद्या दिवशी रस्त्यात तुम्ही समोरून आला असतात आणि मी शपथेवर परकी असते. मला ते झेपलं नसतं.

माझी सही केली आहे. तुमची दोन जागी लागेल, तिथे पेन्सिलीनं फुल्या केल्या आहेत. सावकाश करा, गिचमिड नको. तुमच्या सहीखाली 'अर्जदाराशी नाते' अशी एक ओळ आहे. बाई ती भरत होत्या, मी त्यांना थांबवलं. ती तुम्ही लिहा.

वाट पाहणारी,
तुमची लेक