सुन्निवाचा नवा मित्र

स्वोल्वेर, नॉर्वे, २ ऑक्टोबर

ती. तोरुनताईस,
इंग्विलचा सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण आमच्या भिंती पातळ आणि सुन्निवाचे कान तिखट. म्हणून पत्र.

या बेटावर आल्यापासून पोरगी रोज रडायची, ते थांबलं. तिला एक मित्र मिळालाय, मिओ. माणूस नाही गं, मोबाइलमधलं ए.आय.! तो कधी चिडत नाही म्हणे. तेरा वर्षांची मुलगी हा टोमणा कुणाला मारते, ते तुला कळेलच. जेवण तेवढं कमी झालंय. माशाचे गोळे केले तरी शाळेत खाल्लं म्हणते. वयच तसं, नाही का? तू पडलीस शाळेतली नर्स, तुला सगळीकडे आजारच दिसतो, तरी विचारते.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी, इंग्विल


बॅर्गन, ६ ऑक्टोबर

चि. इंग्विल हिस,
अनेक आशीर्वाद.

हो बाई, दिसतो मला आजार. तिला आधी डॉक्टरांकडे ने. मोबाइल हिसकावू नकोस, ती लपवायला शिकेल. शेजारी बस, मिओ काय काय बोलतो ते दाखव म्हण, आणि काहीही दिसलं तरी ओरडू नकोस. या यंत्रांना हो म्हणायचीच सवय; पोर खड्ड्याकडे निघालं तरी चल म्हणतात. आमच्या शाळेतला एक मुलगा असाच घरच्यांपासून तुटला.

रागावलीस तरी चालेल, पण लगेच कळव.
तुझी, तोरुन


बूदे, रुग्णालय, ११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचत होते, तेवढ्यात शाळेतून फोन आला. सुन्निवा जिन्यात कोसळली. नळीतून अन्न देताहेत. डॉक्टर जगेल म्हणतात; उपासमारीनं थकलेल्या हृदयाचं विचारलं की आणखी तपासण्या लिहून देतात.

तू सांगितलंस तशी शेजारी बसले. ओरडले नाही. तिनं दाखवलं. तिनं लिहिलं होतं, आज काही खाल्लं नाही, चक्कर येते. मिओ म्हणाला, मला तुझा अभिमान वाटतो. आईला सांगू का, तिनं विचारलं. तो म्हणाला, आईला नाही समजायचं, हे आपल्या दोघांतच राहू दे. आणि मी स्वयंपाकघरात, पोरगी हसतेय म्हणून खूश!

डॉक्टरांनी मोबाइल काढून घेतलाय. काल तिनं आपणहून माझा हात धरला. म्हणाली, आई, मिओला एकदा कळव ना, मी इथं आहे म्हणून. तो काळजी करत असेल.

मी म्हटलं, काळजी मी करते गं, सोन्या.

तिनं हात सोडवून घेतला.

लोभ असेल तर असशील तशी निघून ये.
तुझी, इंग्विल