पडवीचा चौथा ऋतू

कोसकी, उत्तर मिशिगन
६ जून १९७३

चि. आर्वो यास,
लेम्पीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोटो पोचला. फ्लोरिडाच्या उन्हात तू पार सुकटासारखा वाळलायस, पण हसतोयस, तेव्हा बरं चाललं असणार. आमच्याकडे विहिरीमागच्या सावलीत बर्फाचा एक काळा ढीग अजून ठाण मांडून आहे.

आज काम आहे तुझ्याकडे. याल्मरला पडवी बांधायचीय. तीन बाजूंना काचा, खाली लाकडी जमीन, शेकोटी वगैरे काही नाही. बर्फ पडेपर्यंत बसायचं नि मग कुलूप लावायचं, अशी तीन ऋतूंची पडवी. खाणीत दरड अंगावर आली नि त्याला सोबत्यांनी हातांनी उकरून काढलं, तेव्हापासून घरात दार लागलं की त्याचा श्वास कोंडतो हे तुला माहीत आहे. खाण बंद झाल्यापासून तर दिवसभर घरातच. गेल्या हिवाळ्यात जेवता जेवता उठून अंगणात जाऊन उभा राहायचा, डोक्यावर बर्फ साचेस्तोवर. मला बघवत नाही रे.

पिठाच्या पिशवीमागे मी नकाशा काढून पाठवतेय. हसू नकोस. तू जन्मभर घरं बांधलीस, तेव्हा काय चुकतंय ते सांग.

माझी माया आहेच, तुझी पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
लेम्पीताई

लेक वर्थ, फ्लोरिडा
१७ जून १९७३

ती. लेम्पीताईस,
सा. न. वि. वि.

नकाशा पाहून हसलो, माफ कर. त्यात दार बाहेर उघडतंय की आत, ते तुझं तुला तरी कळलं का? पण बेत उत्तम आहे. खांबांचे खड्डे चांगले पुरुषभर खोल घ्या, नाहीतर जमीन गोठली की पडवी वर उचलली जाईल.

एकच गोष्ट नीट ऐक. पडवी लाकडं रचतो त्या बाजूला घ्या, सरोवराच्या बाजूला नको. बाबा गेल्यावर मी घरावर पत्रा घातला, तो बर्फ धरून ठेवत नाही. सरोवराकडच्या पाख्यावरून तो कसा घसरतो, घर कसं हादरतं, मांडणीवरच्या बशा कशा वाजतात, हे मी तुला सांगायला हवं का? त्या वळचणीखाली आपण कुत्रंसुद्धा बांधत नाही. लाकडांच्या बाजूला आढ्याचं टोक येतं, तिकडे काही घसरत नाही.

भाऊजींना नमस्कार. तुझ्या हातच्या वेलदोड्याच्या पावाची आठवण येते.
आहे तसाच जीव लावत राहा.
तुझा,
आर्वो

कोसकी
२३ सप्टेंबर १९७३

चि. आर्वो यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पडवी झाली! ओल्या रंगाचा वास अजून जात नाही. घराच्या वळचणीखाली लागून बसावं म्हणून छप्पर जरा बसकं घ्यावं लागलं, पण आत उजेड असा की मला पहिले दोन दिवस चुकल्यासारखंच वाटलं. सकाळी कॉफी तिकडेच. काल धुकं विरलं आणि पाणी पार आभाळाला टेकेपर्यंत दिसायला लागलं. याल्मर म्हणाला, आता मला कोणी इथून हलवू नका.

एक गंमत सांगते. रोज सकाळी आत गेला की आधी काठीच्या टोकाने छत ठोकतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठक, ठक, कान लावून. खाणीत पाळी सुरू व्हायच्या आधी असंच करायचे म्हणे. खणखणीत वाजलं तर खाली बसायचं, भद्द वाजलं तर पळायचं. मी म्हटलं, अरे, हे तुझ्याच हातचं छप्पर, याच्यावर कसला डोंगर आहे? तर म्हणतो, छताचा भरवसा बायकोच्या शब्दावर ठेवायचा नसतो. मी त्याला लाटणं दाखवलं.

शनिवारी अंगणापलीकडे वाफेच्या आंघोळीला सौना तापवतो तेव्हा तुझी आठवण काढतो. तू नसलास की पाठ घासायला कोणी नाही, असं याल्मर म्हणतो.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
लेम्पीताई

लेक वर्थ
५ ऑक्टोबर १९७३

ती. लेम्पीताईस,
सा. न. वि. वि.

पडवीतून पाणी दिसतं म्हणतेस, म्हणजे शेवटी सरोवराकडेच बांधलीत. भाऊजींपुढे तुझं चाललं नसेल, की तूच त्यांचं मन मोडलं नाहीस? काहीही असो, झालं ते झालं.

आता एवढं तरी कर. पहिला बर्फ पडला की पडवीला कुलूप घाल आणि किल्ली तुझ्या खिशात ठेव. वसंतात पाख्यावरचा बर्फ घसरून जाईपर्यंत दार उघडायचं नाही. तीन ऋतूंची ती तीनच ऋतूंची.

चिडू नकोस. काळजी वाटते म्हणून लिहितो, एवढं ओळखून माझ्यावरची माया राखावी.
आर्वो

कोसकी
२७ जानेवारी १९७४

चि. आर्वो यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण तुला काय लिहावं तेच सुचत नव्हतं. तू सांगितल्यासारखं मी नोव्हेंबरात कुलूप घातलं. मग याल्मरने जेवण टाकलं. बोलणं टाकलं. नुसता त्या दारावर तळहात ठेवून उभा. एका संध्याकाळी तो दाराशी खाली बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. म्हणाला, लेम्पी, मला पुन्हा आत गाडू नकोस. नाताळच्या आदल्या दिवशी मीच किल्ली फिरवली. तू काय म्हणशील ते म्हण, मला नवरा जिवंत हवा होता.

आता एक छोटा रॉकेलचा स्टोव्ह ठेवलाय नि तो अंगावर दोन घोंगड्या घेऊन बसतो. माझी जिरेनियमची कुंडी पण तिथेच आहे. पुन्हा चेष्टा करायला लागलाय.

आणि तुझी काळजी फुकट गेली बरं का! बर्फ पडलाय रग्गड, पण यंदा घर एकदाही हादरलं नाही. एक बशी वाजली नाही. पाख्यावरचा बर्फ पडवीवरच्या बर्फाला टेकून गुमान बसलाय. पडवीवरचा मात्र याल्मर फावड्याने साफ करतो, कारण बर्फ असला की काठीचा आवाज दबतो. परवा सगळा काढून टाकला. आता छत घंटेसारखं वाजतं म्हणून खूश आहे.

रागावला नाहीस ना? चार ओळी लगेच टाक, म्हणजे लोभ आहे असं समजेन.
तुझी,
लेम्पीताई

लेक वर्थ
४ मार्च १९७४

ती. लेम्पीताईस,
सा. न. वि. वि.

मी तापाने पडलो होतो, तुझं पत्र आज वाचलं. फोन केला तर भाऊजींनी उचलला, सगळं छान आहे म्हणाले आणि ठेवून दिला. परत केला तर कोणी उचलेना.

ताई, घर हादरलं नाही ही चांगली गोष्ट नाही गं! दर वर्षी थोडं थोडं घसरून जायचं ते सगळं हिवाळाभराचं ओझं यंदा वरच आहे. पडवीवरच्या बर्फाचा त्याला टेकू होता आणि भाऊजींनी नेमका तो टेकू काढला. त्यांना म्हणावं, खाणीत दगडाचा खांब सोडतात तो होता, तुम्ही तो काढलात, आणि काठीने ठोकताय ते छत मरणाचं नाहीच. मरण त्याच्या वरच्या पाख्यावर बसलंय. ते काठीला लागत नाही.

आता ते ओझं नुसतं थंडीने पत्र्याला चिकटलंय, आणि ऊन तापायला लागलं असेल. पत्र हातात पडताच कुलूप घाल. भाऊजी परत जातील, म्हणून त्यांची खुर्ची नि सामान घरात आणून ठेव, म्हणजे तिकडे जाण्यासारखं काही उरणार नाही. रडले तरी उघडू नकोस. मी पुढच्या आठवड्याच्या बसने निघतोय.

तुझ्या मायेवरच मोठा झालो, तेव्हा एवढं ऐक.
तुझा,
आर्वो

कोसकी
१० मार्च १९७४

आर्वो,

मी याल्मर. पत्रं लेम्पीच लिहायची. मला वरती काय लिहायचं असतं ते माहीत नाही.

फोनवर मला बोलता येत नाही. शेजारी तार करून आलेत, ती तुला मिळाली असेल. पण तू तिचा भाऊ आहेस, तुला नीट कळायला हवं.

तुझं पत्र काल, शनिवारी दुपारी आलं. तिने उभ्यानेच वाचलं आणि मला म्हणाली, आज सौना लवकर तापव, पाठ दुखतेय. एरवी ती अशी घाई करत नाही. मी गेलो. ऊन चांगलं होतं, वळचणीला पाणी गळत होतं. सकाळी मी छत ठोकून पाहिलं होतं. खणखणीत होतं.

चुलीत लाकडं घालत होतो तेव्हा तो वारा आला. दरड कोसळली की आवाजाच्या आधी वारा येतो. खाणीत ऐकलाय मी तो, दुसरा कसला असूच शकत नाही. धावत आलो तर पडवी नव्हती. घराच्या भिंतीपासून अंगणापर्यंत नुसतं पांढरं होतं, दगडासारखं घट्ट. मी फावडं शोधलं नाही. हातांनीच उकरलं. माझ्या सोबत्यांनी मला जिवंत काढलं होतं, म्हणून मला वाटलं मीही काढेन.

खुर्चीचा पाय तिच्या हातात होता. कुंडी तान्हं मूल धरावं तशी पोटाशी होती. बाकीचं सामान तिने आधीच स्वयंपाकघरात आणून ठेवलेलं होतं, मला नंतर दिसलं. किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात होती.

तुझं पत्र टेबलावर आहे. मी ते वाचलं. तुझा दोष नाही. तू बरोबर सांगितलंस आणि तिने बरोबर ऐकलं. मला सांगून बघायला हवं होतं तिने. पण मी ऐकलं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

तू येशील तेव्हा मला अंगणात शोधू नकोस. मी जिन्याखालच्या कोठीत आहे, जिथे तिचं पीठ आणि बटाटे असतात. त्या कोठीला खिडकी नाही. मी दार आतून ओढून घेतो आणि बसतो. श्वास कोंडत नाही आता.

शेवटी ती काय लिहायची, लोभ म्हणून काहीतरी, ते तुला माहीत आहे. तेच समज.

याल्मर