फळ्यांच्या दाराचं दुकान

बाबा, आज पनवेलला आले होते. आपल्या दुकानावरून गेले आणि डोकंच फिरलं, म्हणून लिहायला बसले. ओट्याच्या जागी तुम्ही बसवलेली ती उतरती, गुळगुळीत लादी अजून तशीच आहे. कुत्रंसुद्धा टेकत नाही तिथे.

जुन्या दुकानाला फळ्यांचं दार होतं. सकाळी तुम्ही किल्ली घेऊन यायचात, तेव्हा ओट्यावर तो म्हातारा गोधडी घेऊन पडलेला असायचा. त्याला ना घर, ना कुणी माणूस. पण तो उठल्याशिवाय फळी काढताच यायची नाही. "उठा राव, लक्ष्मी यायची वेळ झाली," तुम्ही म्हणायचात. तो डोळे चोळत उठायचा, गोधडी गुंडाळायचा, तुम्ही खोबणीतून काढलेली एकेक फळी घेऊन भिंतीशी उभी करायचा. तेवढ्यात बोलणं व्हायचं. रात्री डास फार होते, कुणीतरी चप्पल नेली. मग एका चहाचे दोन कप व्हायचे. मी शाळेला निघाले की मलाही हटकायचा, "पोरी, डबा घेतलास का?" माणसाने माणसाशी बोलावं, त्यात आपलं काय जातं, असं तुम्ही घरी सांगायचात. केवढा अभिमान होता मला तुमचा.

मग शटर आलं. एकट्याने वर ढकललं की झालं, कुणाचा हात नको. त्याच आठवड्यात ओटा फोडून ही लादी बसवलीत. मी विचारलं, आता तो कुठे बसेल? साखर जोखता जोखता तुम्ही म्हणालात, "तो काय आपला पाहुणा आहे?" तो समोर रिक्षा स्टँडच्या मागे गेला. मध्ये नुसता रस्ता होता, पण तुम्ही पुन्हा कधी हाक मारली नाहीत. मला राग आहे बाबा, अजून आहे. चांगले तुम्ही होतात की तो ओटा, हेच मला कळेनासं झालंय.

आज तो तिथेच दिसला, पार वाळलेला. दादा समोर गल्ल्यावर मोबाइल बघत बसतो, पण तुम्ही गेलात हे इतक्या वर्षांत कुणी म्हाताऱ्याला सांगितलेलं नाही. मला ओळखून म्हणाला, "शेट बरे हायत ना? माझं काय चुकलं, ते मला समजलंच नाय."

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून खरं सांगते. मलाही त्याला सांगता आलं नाही. "बरे आहेत," म्हटलं, "तुमची आठवण काढतात."