बारा पावलांची वाट

बा, तुला कागद लिहिण्यात तसा काही अर्थ नाही. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही. तरी मी बोलून राहिली आणि माझी नात लिहून राहिली. ती गोंदियाला कॉलेजात शिकते, त्यामुळं माझं बोलणं ती आधी धुते, वाळवते, मग घडी घालून कागदावर ठेवते. मी 'कायले' म्हटलं की ही 'कशाला' लिहिते. लिहू दे. माणूस तोच आहे.

मागच्या आठवड्यात जंगलखात्याची एक बाई गावात आली. समाजमंदिराच्या भिंतीवर तिनं नकाशा लावला. त्यात एक हिरवा पट्टा होता, डोंगराकडून निघून आपल्या शिवारातून तलावापलीकडच्या जंगलात जाणारा. बाई म्हणाली, हा वाघांचा कॉरिडॉर. आता मला कॉरिडॉर एकच माहीत. तू दवाखान्यात होतास तेव्हा नर्सबाई रोज म्हणायची, "मावशी, वॉर्डात गर्दी नको, कॉरिडॉरमध्ये बसा." मी सभेत विचारलं, "मॅडम, मंग वाघ बाकड्यावर बसन का खाली?" सारे हसले, बाईपण हसली. माझी नात तेवढी मान खाली घालून बसली.

घरी आल्यावर तिनं मोबाइलमध्ये शोधून मला समजावलं. म्हणे, हा शब्द इंग्रजांचाही नाही, इटलीकडून आला. त्याच्या मुळाशी धावणं आहे. आधी किल्ल्याच्या तटालगतच्या वाटेला म्हणायचे, मग मोठ्या घरांत खोल्या जोडणाऱ्या वाटेला म्हणू लागले, आणि आता दोन जंगलं जोडणाऱ्या पट्ट्याला. मी म्हटलं, "किल्ल्यावर धावाले? आपल्या इकडच्या प्रतापगडावर चढता चढताच माहा दम सुटला होता." पण बा, मनात म्हटलं, इटलीवाल्यांनी बरोबर नाव ठेवलं. बसायची जागा नाहीच ती. आपल्याकडं त्याला नाव नव्हतं. तू नुसतं 'वाट' म्हणायचास.

आपल्या खालच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, लागून बारा पावलं रुंद पट्टा तू कधी पेरला नाहीस. चितळं, रोही, रानडुकरं, कधीमधी वाघ, सगळे तिथून तलावाकडं जायचे. मी दहाबारा वर्षांची असेन. रोवणी संपली, हातात धानाच्या रोपांच्या दोन पेंड्या उरल्या, चिखल मऊ होता, मी त्या पट्ट्यात रोवून टाकल्या. मला वाटलं, तू शाबासकी देशील. तू एकेक रोप उपटलंस. शेवटचं रोप हातात धरून म्हणालास, "ते आपल्या घरात येऊन नाही राहिले वं. आपनच त्यायच्या घरात बांधी केली." बस, एवढंच. मारलं असतंस तर मी विसरले असते.

मग तू म्हातारा झालास, छातीचं दुखणं निघालं, आषाढात तुला दवाखान्यात ठेवलं. शेत माझ्या हाती आलं. एकुलती एक लेक मी, नवरा घरजावई, तो माझ्यापुढं काय बोलणार! मी बोरीच्या काट्या तोडून आणल्या, पट्ट्याची दोन्ही तोंडं बंद केली आणि आत धान रोवलं. पिकलंही छान. चितळांनी दोन दिवस काट्यांपाशी उभं राहून पाहिलं, मग वळले आणि शेजारच्या बांधीतून जाऊ लागले. तेव्हापासून तिथूनच जातात. ती बांधी पुढं घेणारा शेजारी बिचारा दरसाल विचारायचा, "काकू, जनावराले माहीच बांधी काऊन दिसते?" मी म्हणायची, "तुह्या धानाले वास चांगला असन." आणि वर सांगायची की त्यांची वाट आधीपासून तिकडूनच आहे. तो आपल्या गावात मागाहून आलेला, त्याला काय ठाऊक! इतकी वर्षं सांगितलं की मलाही खरं वाटू लागलं.

म्हणून नकाशातला हिरवा पट्टा त्याच्या बांधीवरून गेला होता. बाईनं त्याला सांगितलं, एवढी जागा मोकळी सोडावी लागेल. त्याची सारी दोन बांध्यांची शेती, त्यातली एक जवळपास पूर्ण जाणार. मग बाईनं मलाच विचारलं, "आजी, तुम्ही जुन्या. जनावरं पहिल्यापासून इथूनच जायची ना?" सारं समाजमंदिर माझ्याकडं पाहून राहिलं. मी म्हटलं, "मले काही याद नाही, मॅडम." मला, जिला तुझी बारा पावलं पायानं पाठ आहेत.

चार दिवस जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी शेजाऱ्याला बोलावलं, बाईलाही बोलावलं, आणि दोघांसमोर आपल्या बांधीत पावलं टाकली. माझी बारा कमी भरली, तुझे पाय लांब होते. दोन जास्तीची टाकली. म्हटलं, "वाट इथून होती. म्या बंद केली." बाईनं नकाशावर खूण केली. शेजारी धुऱ्यावर, बांधाच्या उंचवट्यावर, बसला. मग म्हणाला, "काकू, माह्या धानाले वास होता न पन?" मी म्हटलं, "होता रे." जमीन सोडली म्हणून माझा लेक तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बोलेल. काट्या मीच काढल्या, हात सोलून निघाले.

ते हात पाहूनच तू आठवलास. दवाखान्यात रोज विचारायचास, "वाट खुली हाय न?" मी म्हणायची, "हाय." एक दिवस तू माझा हात धरून उलटा केलास. ओरखडेच ओरखडे. "हे कायचे?" मी म्हटलं, "बोरं तोडत होती." तू माझ्याकडं पाहिलंस, हात सोडलास, म्हणालास, "जपून तोडत जाय." पुन्हा वाटेचं विचारलं नाहीस.

नात विचारते, आजी, हे ठेवायचं कुठं? ठेव ट्रंकेत, सातबाऱ्याखाली. आणि शेवटी एवढं लिही. बा, आषाढात बोरं नसतात, हे मला बोलतानाच ठाऊक होतं. तुलाही होतं.