वाकड्या धनुष्यावरचा शिक्का

ती. अण्णांस, सप्रेम नमस्कार.

नमस्कार उभं राहून, कमरेत नीट वाकून केला आहे असं धरून चालावं. प्रत्यक्षात मी बसलेलो आहे, पण ज्या खुर्चीवर बसलोय ती माझ्या हातची आहे. समोरचं टेबलही मीच केलं. शेडचं छप्पर, शेडचं दार, स्वयंपाकघरातलं कपाट, त्याचा ड्रॉवर (याच्याबद्दल पुढे येईल), एक सोफा (पाहुणे त्यावर एकदा बसले की पुढच्या खेपेला उभ्यानेच बोलतात), माझ्या चष्म्याची डावी काडी, आणि आजपर्यंत वीस लांब धनुष्यं. अखंड लाकडातली, माणसाच्या उंचीची, जुन्या पद्धतीची. त्यांतली एकोणीस सरळ. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. सुतारकाम लाकडं फोडून शिकलो आणि धनुष्यं मोडून धनुष्यं शिकलो. उरलेलं घर कुणी केलं असं विचारलं की तुमची बहीण स्वतःकडे बोट दाखवते, आणि ते मी वादासाठीसुद्धा नाकारत नाही.

आपली तब्येत कशी आहे? वहिनींचा गुडघा जिन्याशी बोलायला लागला का? आणि अंगणातली तुती कशी आहे? (सहज विचारलं.) इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की, "धनुष्य धनुष्य काय घेऊन बसलात, कुठलंही उचललं आणि ओढलं तर बाण जात नाही का?" अण्णा, तुम्ही वडीलधारे आहात म्हणून, नाहीतर या वाक्यावर मी पोस्टकार्डभर उत्तर दिलं असतं. बाण जातो. पायात दुसऱ्याची चप्पल घालूनही माणूस लग्नातून घरी जातोच. पण तो कसा चालतो ते बघा.

माझी पद्धत अशी. आयुष्य वजनकाट्यांच्या कारखान्यात गेल्यामुळे खोटं बोलणारा काटा मी खडखडीवरून ओळखतो, आणि माणूसही काट्यापेक्षा फार वेगळा नसतो. गिऱ्हाईक शेडमध्ये आलं की आधी त्याची उंची घेतो. तिच्यावरून धनुष्याची लांबी ठरते. मग हात पसरायला लावून बोटांच्या टोकांमधलं अंतर घेतो. त्यावरून दोरी कुठवर खेचली जाईल ते कळतं. मग भिंतीतल्या स्प्रिंगच्या काट्याला अडकवलेली दोरी ओढायला लावतो, त्यावरून ताण. इथे सावध राहावं लागतं. कपड्याचं माप देताना माणूस पोट आत घेतो आणि धनुष्याचं देताना छाती बाहेर काढतो. आमच्या क्लबात एक जण आहेत, त्यांना आम्ही पैलवान म्हणतो (धंदा उशा-गाद्यांचा). ते म्हणाले, "ताण असा ठेवा की दुसऱ्या कुणाला ओढता येऊ नये." मी ठेवला. आता ते त्यांनाही ओढता येत नाही. दिवाणखान्याच्या भिंतीवर लावलंय आणि आल्यागेल्याला सांगतात, मोडेल म्हणून वापरत नाही.

शेवटी डोळा. हे सर्वांत महत्त्वाचं आणि हे कुणी विचारत नाही. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा, हात लांब करून त्या गोलातून भिंतीवरचा खिळा दोन्ही डोळ्यांनी पाहायचा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला खिळा गोलातच दिसत राहतो तो घरमालक, दुसरा भाडेकरू. घरमालक ज्या बाजूचा, त्याच बाजूच्या हाताने दोरी ओढायची. उलट केलं तर बाण सोडणारा एक आणि नेम धरणारा दुसरा, असा संसार होतो. आजवर शेडमध्ये आलेल्या प्रत्येकाचा डोळा मी तपासलाय. पोस्टमनचा तपासलाय, जो फक्त सही घ्यायला आला होता.

तर झालं असं की वीटभट्टीमागच्या मैदानावर आम्ही सराव करत असताना तुमची बहीण माझा विसरलेला चष्मा द्यायला आली. कुणीतरी तिच्या हातात धनुष्य दिलं. तिने गंमत म्हणून दोन-चार बाण मारले (मी तेव्हा चष्मा पुसत होतो), घरी गेली, आणि जेवताना म्हणाली, "मला आवडेल हे." एवढंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या एखाद्या नादाबद्दल हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. (सोफ्याच्या वेळी काय म्हणाली होती ते इथे लिहीत नाही.) मी त्याच वेळी ठरवलं की हिला असं धनुष्य करून द्यायचं की माझ्या हातून तसं पुन्हा होणे नाही. आणि तेही न सांगता, मापं न विचारता. विचारून घेतलेल्या मापाचं काय कौतुक? ते शिंपीही करतो.

हाताची लांबी मी वाळत घातलेल्या स्वेटरवरून घेतली. उंची माहीतच होती, माझ्या नाकापर्यंत. ताणाचा प्रश्न होता, तो ड्रॉवरने सोडवला. स्वयंपाकघरातला ड्रॉवर जरा घट्ट बसतो (पावसाळी हवेने, माप चुकलेलं नाही), आणि ही तो दिवसातून कितीदा तरी सहज उघडते. म्हणजे त्याला लागतं तेवढं बळ तिच्या हातात आहेच. मी स्प्रिंगचा काटा ड्रॉवरच्या मुठीत अडकवला आणि नजर आकड्यावर ठेवून हळूहळू ओढत गेलो. पंधरा किलोला तो आला. आख्खा आला, चमचे, डाव, लाटण्यासकट, माझ्या उजव्या पायावर. ही धावत आली. "अहो, काय शोधताय?" मी म्हणालो, "वजन." तिने माझ्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सापडलं वाटतं."

राहिला डोळा. तो चोरून तपासता येत नाही. पण ही लिहिते उजव्या हाताने, चिरते उजव्याने, मला दटावताना बोटही उजवंच असतं. तेव्हा उजवी. यात तपासायचं काय?

अण्णा, ते धनुष्य तुम्ही बघायला हवं होतं. मधासारखा रंग, दोरी मुठीच्या बरोब्बर मधून जाणारी, मुठीला मऊ कातडं, आणि डाव्या अंगाला, बाण जिथून घासून जातो तिथे, हाडाची इवलीशी पट्टी बसवलेली. नख फिरवलं तरी सांधा लागत नाही. त्यावर माझा शिक्का तापवून उमटवला: छोटासा तराजू. हा शिक्का फक्त पास झालेल्या धनुष्यालाच मिळतो. इतकंच काय, दुकानातल्या कारखानी मालाला आळा बसावा म्हणून क्लबाच्या सभेत भांडून मी नियमच करून घेतलाय, की करणाऱ्याचा शिक्का नसलेलं धनुष्य स्पर्धेत चालणार नाही. (हे लक्षात ठेवा.)

धनुष्य हातात घेऊन ही म्हणाली, "छान आहे." तुमच्या बहिणीचं 'छान आहे' तुम्हाला ठाऊक आहे. मी सांगितलं तशी तिने उजव्या हाताने दोरी ओढली, आणि पहिल्या मारापासून प्रत्येक बाण निशाणाच्या डावीकडे. मी बाण बदलले. दोरी बदलली. वाऱ्याला नावं ठेवली, मग तिच्या चपलांना. बाण डावीकडेच. आणि स्पर्धा तोंडावर आलेली. नवशिक्यांच्या गटात हिचं नाव मीच घातलेलं. त्यात एका दूरच्या शहरातल्या खेळसामानाच्या दुकानदाराचं पत्र आलेलं, की मी स्पर्धेला येतो, तुमची धनुष्यं चालताना बघतो, पटली तर दुकानात ठेवतो. वीस धनुष्यं केली, पण केवळ माझं काम बघायला म्हणून कुणी परका माणूस पहिल्यांदाच येणार होता. आणि माझ्या सर्वांत देखण्या धनुष्यातून माझीच बायको त्याच्यादेखत शेजारच्या निशाणावर बाण मारणार होती. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. (थोडं गेलं.)

आता विसाव्या धनुष्याविषयी. एका जवळच्या नातेवाइकांनी प्रेमाने तुतीची एक फांदी पाठवली होती (नाव घेत नाही, तुम्ही ओळखालच). तिच्या पोटात एक पीळ होता. सहा वेळा तासली तरी दोरी चढवल्यावर ती मुठीच्या मधून न जाता एका अंगाला सरकायची. तुम्ही म्हणाल, मग उलटं धरावं. नाही धरता येत. वरचा बाहू लांब आणि नरम, खालचा आखूड आणि ताठ, मूठ त्या बेताने घडवलेली. उलटं धरणं म्हणजे माणसाला डोक्यावर चालायला लावणं. मी ते नापास केलं आणि मागे घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून रोवलं. त्या कामात ते उत्तम होतं.

एके दिवशी कारखान्यातली वीज गेली म्हणून दुपारीच घरी आलो. मागच्या दाराने आत शिरताना पाहतो तो घेवडा झाडूच्या दांड्यावर चढलेला. आणि शेडमागे गवताच्या भाऱ्यासमोर तुमची बहीण, हातात माझं नापास लाकूड, दोरी ओढलेली, आणि तीही डाव्या हाताने! बाण सुटला आणि भाऱ्यावर लटकवलेल्या पातेल्याच्या झाकणात 'टण्' करून बसला. दुसरा त्याच्या शेजारी. झाकण नवं होतं.

मी म्हणालो, "अगं, डाव्या हाताने?"

"मग कुठल्या? अण्णाला दगड मारायचे ते डाव्यानेच."

"पण तू लिहितेस उजव्याने!"

"लिहायला उजवा शिकवला," ती पुढचा बाण लावत म्हणाली. "मारायला कुणी शिकवलंच नाही."

मी तिला तिथल्या तिथे गोल करून खिळा बघायला लावला. डावा डोळा घरमालक, आणि तोही असा की भाडेकरूला वरांड्यातसुद्धा येऊ देत नाही. पोस्टमनचा डोळा तपासणारा मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मग धनुष्य हातात घेऊन दोरीवरून नजर टाकली. ज्या अंगाला ती दोरी सरकत होती, त्याच अंगाने डावखुऱ्याचा बाण जातो. उजव्या माणसाच्या बाणाला मुठीला वळसा घालून जावं लागलं असतं. हिच्यासाठी मूठ जणू रस्त्यातून बाजूला झालेली. मुद्दाम करायला गेलो असतो तर जमलं नसतं. मी विचारलं, "हे कधीपासून?" म्हणाली, "तुम्ही माझ्या चपलांना नावं ठेवलीत तेव्हापासून."

तर ती स्पर्धेत हेच घेऊन उतरणार म्हणाली, आणि नियमाप्रमाणे त्यावर शिक्का हवा. मी म्हणालो, नापास लाकडावर माझा शिक्का बसणार नाही, मग दुकानदार येवो की राजा येवो. तत्त्व म्हणजे तत्त्व. ती म्हणाली, "नियम तुमचाच ना? मग मी नाही उतरत. घरी घेवडा निवडत बसेन." भांडली नाही. मधाच्या रंगाचं धनुष्य नीट पुसून कपाटावर ठेवलं, वाकडं परत वेलापाशी रोवलं, आणि आत जाऊन खरोखरच घेवडा निवडायला बसली. अण्णा, भांडली असती तर मी जिंकलो असतो. शेंगा मोडल्याचा तो टकटक आवाज मी शेडमध्ये बसून बराच वेळ ऐकला. मग उठलो, वेलाची माफी मागितली, लोखंड तापवलं आणि त्या वाकड्यावर तराजू उमटवला. लाकडाच्या पिळामुळे तराजूही किंचित डावीकडे झुकलाय. शोभतो.

स्पर्धेत तुमची बहीण दुसरी आली (पहिल्या आल्या त्या दातांच्या डॉक्टरीणबाई, त्यांचा हात रोजच बारीक कामावर असतो). दुकानदाराने माझी देखणी धनुष्यं टेबलावर तशीच ठेवली आणि सरळ हिच्यापाशी गेला. वाकडं हातात घेतलं, एक डोळा मिटून दोरीवरून नजर टाकली, पीळ चाचपला आणि मला विचारलं, "हे मुद्दाम असं केलंत?" मी म्हणालो, "लाकडाच्या कलाने घेतलं." हे शंभर टक्के खरं आहे. ही शेजारी उभी होती; पदराआड हसली, पण घेवड्याचा विषय काढला नाही. सुखाचा संसार म्हणजे आणखी काय असतं?

घरचं सर्व ठीक. घेवडा झाडूच्या दांड्यावर सुखात आहे. वहिनींना नमस्कार.

आपला,
बहिणीचा नवरा आणि वीस धनुष्यांचा कर्ता

ता. क. – दुकानदाराने डावखुऱ्यांसाठी तशीच सहा मागितली आहेत. मी मुद्दाम वाकडी करायला तीन घेतली. तिन्ही सरळ झाली (अजून दोरी चढलेली नाही, म्हणून विसांत धरली नाहीत). हाताला लागलेली सवय, काय करणार? तेव्हा तुमच्या अंगणातल्या तुतीची, त्याच बाजूची, तशीच पीळ पडलेली फांदी मिळेल का? मागच्या फांदीबद्दल मी तेव्हा पत्रात जे लिहिलं होतं ते मागे घेतो. 'सरपण' हा शब्दसुद्धा.

ता. क. २ – मधाच्या रंगाचं ते धनुष्य फांदीच्या बदल्यात तुम्हाला पाठवतो. उंचीने तुम्ही आणि ही सारखेच आहात. पण आधी गोल करून खिळा बघा आणि खरं काय ते कळवा. तुमच्या घराण्यातल्या उजव्या हातांवर माझा आता विश्वास नाही.

ता. क. ३ – एक राहिलं. ते वाकडं धनुष्य दुकानदाराने तिथेच विकत मागितलं. मी साफ नाही म्हणालो. (ही खांद्यावरून वाचते आहे, तेव्हा दुरुस्ती: ती नाही म्हणाली, मी मान हलवली, तीही तिच्यानंतर.) आकडा मात्र ती म्हणते बरोबर लिहा: साठ हजार, रोख.